नववा सुरुंग

घराच्या भिंतीवर लाल फुली मारून गेल्याला आठ दिवस झाले होते, तरी तात्या रोज सकाळी ती घासायला बसायचे. ऑइलपेंट होता, निघणार नाही हे त्यांनाही कळत होतं. पण उभा जन्म खाणीत काढलेला माणूस, घासलं की झिजतं एवढंच त्याला ठाऊक. फुली काही झिजेना, भिंत मात्र झिजत चालली होती.

"भिंत पाडायला सरकारचं यंत्र येणार आहे म्हणावं. घरातल्या माणसांनी कशाला मेहनत घ्यायची?" वहिनी आतून म्हणाल्या. म्हणाल्या त्या माठाला. तात्या चार हातांवर बसलेले होते, पण गेल्या एकतीस वर्षांत वहिनी त्यांच्याशी थेट एक शब्द बोललेल्या नव्हत्या. सांगायचं असेल ते माठाला सांगायच्या, चुलीला सांगायच्या, शेजारच्या शेळीला सांगायच्या, आणि मुलगी मोठी झाल्यावर मुलीला. स्वयंपाक करून ताट सरकवायच्या, ताप आला तर काढा उंबऱ्यावर ठेवायच्या, पण बोलणं शेळीशी. तात्यांना त्याची इतकी सवय झाली होती की शेळी ओरडली तरी ते काम टाकून उठायचे.

वहिनी म्हणजे तात्यांच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ खाणीतल्या अपघातात गेला तेव्हा मुलगी दोन वर्षांची होती. आता ती तेहतिशीची, दाराशी शिलाई मशीन टाकून शाळेचे गणवेश शिवायची. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, महिन्यातून दोनदा उगवायचा. तात्यांनी लग्नच केलं नाही. का केलं नाही, हे त्यांना कोणी विचारलं नाही आणि ते कोणाला सांगायला गेले नाहीत.

फुली रस्त्यासाठी होती. सहा पदरी मोठा रस्ता येणार होता, देशाचा. देशाचा असला तरी तो या वस्तीपाशी एकाएकी डावीकडे वळत होता, कारण डावीकडे खडीवाल्याचा सिमेंटचा कारखाना होता. सरळ गेला असता तर एका घरालाही धक्का लागला नसता. पण खडीवाला आता राजधानीत रस्त्यांचा मंत्री होता, आणि रस्त्याला ते कळत असावं.

त्याला तोंडावर सगळे साहेब म्हणायचे आणि पाठ वळली की खडीवाला. बापाचं चौकात दुमजली दुकान होतं, रॉकेलपासून खिळ्यांपर्यंत सगळं विकायचं. पोरगा मोटारसायकलवर बसून एकदा टेकडीकडे आला, बुटांना धूळ लागेल म्हणून खाली न उतरताच टेकडी न्याहाळून गेला आणि पुढच्या महिन्यात ती लिलावात घेतली. मग टेकडीची खडी झाली. खडीचे रस्ते झाले. रस्त्यांच्या बिलांमधून सिमेंटची एजन्सी, मग कारखाना झाला, वर्तमानपत्र झालं, स्वतःच्या नावाचं कॉलेज झालं. आधी नगराध्यक्ष, मग राज्यात, मग थेट राजधानीत. टेकडी होती तिथे आता नुसता खड्डा उरला होता, आणि त्या खड्ड्याच्या काठावर खाणमालकाने बांधून दिलेल्या खोल्यांची ही वस्ती. खोल्यांचा कागद कोणाकडेच नव्हता.

त्या दिवशी तात्या फुली घासत असतानाच मंत्र्यांचा पीए आला. पांढरे बूट, अत्तराचा वास, हातात दोन फोन. फुलीकडे बघून तो हसला.

"घासू नका तात्या. ही फुली साहेब स्वतः पुसणार आहेत."

"साहेबांना एवढा वेळ असतो?"

"तुमच्यासाठी काढलाय." पीएने खुर्चीची वाट पाहिली, ती आली नाही तेव्हा तो मशीनच्या कडेला टेकला. "रविवारी रस्त्याच्या कामाचं उद्घाटन आहे. कुठे करायचं? साहेब म्हणाले, माझी सुरुवात जिथे झाली तिथेच करायचं. जुन्या खाणीत. नऊ सुरुंग, जुन्या पद्धतीने, साहेब स्वतः बत्ती देणार. तुम्ही तुमच्या दगडावर उभं राहून मोजायचं. मोकळं म्हणायचं. मग साहेब खाली उतरून पहिला घण मारणार. टीव्हीवर सगळ्या देशाला थेट दिसणार."

"मला ऐकू कमी येतं."

"असं किती ऐकायचंय? नऊ तर आवाज."

"आणि घराचं?" पुतणीने मशीन थांबवून विचारलं.

"रस्ता चाळीस फूट पलीकडून जाईल. खोली काकांच्या नावावर. कागद तयार आहे, नुसती सही राहिलीये. कार्यक्रम झाला की सही."

"म्हणजे रस्ता वळवता येतो."

"रस्ते वळवायचेच असतात, ताई," पीए म्हणाला आणि उठला. जाताना म्हणाला, "उद्या शूटिंगवाले येतील. साहेबांच्या आयुष्यावर फिल्म करतायत, 'दगडातून देशाकडे'. तुमचीही दोन वाक्यं आहेत."

तो गेल्यावर पुतणी काकांच्या शेजारी येऊन बसली. "काका, नऊ आकडे मोजायचेत आणि एक शब्द म्हणायचाय. एवढ्यावर घर आपलं होतंय. तुम्ही नाही म्हणणार नाही ना?"

तात्यांनी हातातला दगड खाली ठेवला. "नाही कसं म्हणेन," ते म्हणाले. आत माठावर झाकण आदळल्याचा आवाज आला.

*

सुरुंग मोजणं हे खाणीतलं वेगळंच काम. सात भोकं पाडली, दारू ठासली, सात वाती पेटवल्या की सगळे वर पळणार. वर काठावर एक सपाट दगड, खालच्या खडकाला मुळापासून जोडलेला. त्यावर मोजणारा उभा राहणार. एकेक सुरुंग उडेल तसा त्याने मोठ्याने आकडा म्हणायचा. सातही उडाले की म्हणायचं, 'मोकळं'. ते म्हटल्याशिवाय खाली कोणी पाऊल टाकायचं नाही. एखादा सुरुंग न उडता राहिला तर तो मुका. मुक्याचा भरवसा नाही. अर्धा तास थांबायचं, मग जाणत्या माणसाने जाऊन बघायचं. आणि सगळ्यात मोठा नियम, जो कुठे लिहिलेला नव्हता पण खाणीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ होता: जो मोकळं म्हणेल तो आधी उतरेल. तोंडाने दिलेली हमी पायाने खरी करायची.

तात्या चपला काढून मोजायचे. लोकांना ते सोवळं वाटायचं. खरी गोष्ट अशी की तिशीतच त्यांचे कान अधू झाले होते आणि ते पायांनी मोजत होते. सुरुंग उडाला की दगड तळपायाला आतून ठोसा मारायचा. दोन सुरुंग अगदी एकदम उडाले तरी ठोसे दोन लागायचे, आवाज एक झाला तरी. कानांना फसवता येतं, तळपायांना नाही.

*

शूटिंगवाले आले ते आधी घरात घुसले. टीव्हीवर गोणपाट टाकलं. पंखा काढून ठेवला. भिंतीचा चुना पाहून त्यांच्यातला टोपीवाला म्हणाला, "फार स्वच्छ आहे हो," आणि त्याच्या माणसाने भिंतीला काजळी फासली. मग कळलं की फिल्ममध्ये ही खोली साहेबांच्या बालपणीची होती आणि ही चूल साहेबांच्या आईची.

"त्यांच्या आईच्या घरी गॅस होता. आख्ख्या चौकात पहिला," वहिनी चुलीला म्हणाल्या. चूल काही बोलली नाही, टोपीवालाही बोलला नाही.

तात्यांना उंबऱ्यावर बसवून हातात छिन्नी दिली. वाक्यं कागदावर होती, पुतणीने वाचून दाखवली. 'साहेब आमच्यातलेच. अपघात झाला तेव्हा साहेबांनी स्वतःच्या हातांनी ढिगारा उपसला.'

तात्यांनी म्हटलं. टोपीवाल्याला आवडलं नाही. "जरा भरून येऊ द्या आजोबा. तुमचा भाऊ गेलाय त्यात."

"मला माहितीये कोण गेलंय ते."

"तेच हवंय. तो राग नको फक्त. पुन्हा."

पाच वेळा म्हणवलं. तिसऱ्या वेळी वहिनी घरातून उठून मागच्या दाराने बाहेर गेल्या. चौथ्या वेळी तात्यांचा आवाज खरंच भरून आला, टोपीवाला खूश झाला, आणि पाचवी वेळ नुसती सुरक्षिततेसाठी घेतली. तात्यांना स्वतःची शिसारी आली. पाणी प्यायला म्हणून ते आत गेले आणि माठापाशी तसेच उभे राहिले.

ढिगारा उपसला होता खाणीतल्या लोकांनी, पहारींनी आणि हातांनी. तात्यांच्या दोन बोटांची नखं त्यात गेली ती पुन्हा धड आलीच नाहीत. खडीवाला तेव्हा जीपमध्ये बसून होता, इंजिन चालू ठेवून.

त्या दिवशी सात सुरुंग होते. तात्यांनी सहा मोजले आणि गप्प राहिले. खाली ट्रक रांगेत उभे होते, पुलाच्या कामावर खडी आजच्या आज हवी होती. खडीवाला जीपमधूनच ओरडला, "काय रे मोजणाऱ्या, झोपलास का?"

"सहा झाले, मालक. एक मुका आहे."

"दोन एकदम वाजले असतील. तुला ऐकू येतं का तरी? मोकळं आहे, उतरा."

"मी नाही उतरणार."

"मग उद्यापासून येऊ नकोस. आणि जो उतरणार नाही त्याने कोणीच येऊ नका."

तेव्हा दादा, थोरला भाऊ, पुढे झाला. मुलगी आठ दिवस तापाने फणफणत होती, रोज डॉक्टर चालू होता. "तू एकटा जीव, तुला मिजास परवडते," तो हसत म्हणाला. तात्यांच्या खांद्यावर चापट मारली आणि उतरला. तात्यांनी त्याला धरलं नाही. धरायला हवं होतं. आपण बरोबर मोजलं होतं आणि तरी धरलं नाही, हा काटा रोज रात्री अंथरुणात त्यांच्याबरोबर असायचा.

तिसऱ्या दिवशी चौकशी झाली. खडीवाल्याने तात्यांना ऑफिसात बोलावून घेतलं, पहिल्यांदाच खुर्चीवर बसवलं. कागदावर लिहिलं होतं की मोजणाऱ्याने चुकून सात मोजले आणि मोकळं दिलं. "सही कर. खाण बंद पडली तर शंभर घरं उपाशी मरतील. आणि तुझ्या वहिनीला खोली खाली करावी लागेल, ती कामगाराची खोली आहे. सही केलीस तर राहू दे जन्मभर." तात्यांनी सही केली. त्या दिवशी काठावर ज्यांनी सगळं ऐकलं होतं, त्यांनीही काम आणि खोली जाईल म्हणून तोंड उघडलं नाही. कागद वाचून दाखवला तेव्हा दारात वहिनी उभ्या होत्या. त्या दिवसापासून त्या माठाशी बोलायला लागल्या.

*

रविवारी सकाळी उन्हाचा नुसता भडका होता. खाणीच्या काठावर मांडव, खुर्च्या, कुलर, खड्ड्याच्या चारही बाजूंना कर्णे. साहेबांचा फोटो एवढा मोठा होता की त्यांच्या एका कानाआड दहा माणसं सावलीला उभी होती.

तात्या लवकर गेले. सुरुंगाचं काम एका परवानेवाल्याकडे होतं. चाळिशीचा, अबोल माणूस, काम कळणारा. त्याने वाती कापून एकापेक्षा एक लांब ठेवल्या होत्या, म्हणजे एकामागून एक उडतील. "मी म्हणत होतो यंत्राने उडवू," तो तात्यांना म्हणाला. "टोपीवाल्याला वाती पेटताना दिसायला हव्यात. वातींचं काम मी शिकताना केलं तेवढंच."

"ठासलंय चांगलं," तात्या भोकांवरून नजर फिरवत म्हणाले. त्याला बरं वाटलं.

तेवढ्यात पाण्याचा टँकर खाली उतरला आणि त्याने फवारा सोडला. तात्या धावत सुटले. "अरे बंद कर! दारू भरलीये खाली!"

पीए वरूनच म्हणाला, "राहू द्या तात्या. धूळ बसवायला लागते. साहेब पांढऱ्या कपड्यांत आहेत."

"वाती भिजतील."

"ताडपत्री टाकलीये त्यांच्यावर."

ताडपत्री टाकलेली होती, पण भोकं नऊ आणि ताडपत्री आठांपुरती. परवानेवाल्याने शिव्या देत टँकर थांबवला, वाकून एकेक वात हाताने पुसली. मग घड्याळ पाहिलं, वर पाहिलं. गाड्या आलेल्या होत्या.

खडीवाला उतरला. वजन वाढलेलं, केस काळे केलेले, कपडे इतके पांढरे की बघणाऱ्याचे डोळे दिपावेत. कॉलरला बारीक माइक होता आणि तो बोलेल ते सगळ्या कर्ण्यांतून येत होतं. त्याने तात्यांना मिठी मारली. एकतीस वर्षांपूर्वी 'ए मोजणाऱ्या' म्हणायचा, आज 'आमचे तात्या' म्हणाला. वहिनींना पहिल्या रांगेत बसवलं होतं, मुलगी शेजारी. खडीवाल्याने वाकून त्यांनाही हात जोडले. "या ताईंचं कुंकू या खाणीत गेलं. तो दिवस मी विसरलेलो नाही. याच हातांनी मी तो ढिगारा..." टाळ्या पडल्या. वहिनींनी त्याचे हात नीट बघून घेतले. नखं शाबूत होती.

मग बत्ती. लांब काठीच्या टोकाला पलिता, परवानेवाला शेजारी. खडीवाल्याने पहिली वात पेटवली, फोटो झाले, उरलेल्या आठ परवानेवाल्याने भराभर पेटवल्या आणि दोघे वर आले. तात्या आपल्या दगडावर गेले. चपला काढून बाजूला ठेवल्या. दगड तव्यासारखा तापला होता. त्यांनी तळपाय घट्ट रोवले.

घर मिळतंय, ते मनाशी म्हणाले. नऊ आकडे आणि एक शब्द.

पहिला उडाला. "एक!" ठोसा टाचेपासून गुडघ्यापर्यंत आला. "दोन!" दगड हवेत उडून खाली पडत होते, लोक टाळ्या वाजवत होते. "तीन! चार!" पाच, सहा. मग जरा जास्त वेळ गेला. "सात!" आणि पाठोपाठ "आठ!"

धूर उठला आणि पसरला. तात्या थांबले. तळपाय भाजत होते, पण ते हलले नाहीत. दगडातून काही येत नव्हतं. लोक टाळ्या वाजवून दमले आणि थांबले.

पीए अगदी कानाशी आला, ओठ न हलवता म्हणाला, "म्हणा ना."

तात्यांनी तोंड उघडलं. खरंच म्हणायचं होतं त्यांना. पुतणी पहिल्या रांगेतून बघत होती, हातात हात घट्ट धरून. मो हे अक्षर ओठांवर आलंही. पण दादाची चापट खांद्यावर बसली तशी अजून बसलेली होती, आणि तोंडातून आलं ते वेगळंच.

"आठ झाले."

"नऊ होते तात्या."

"लावले नऊ. उडाले आठ. एक मुका आहे."

खडीवाला हसत हसत आला आणि कॅमेऱ्याकडे तोंड करून त्याने तात्यांच्या खांद्यावर हात टाकला. कर्णे बोलले, "आमच्या तात्यांचं वय झालं आता. अहो, दोन एकदम वाजले असतील! लोक उन्हात बसलेत. चला, मीच म्हणतो. मोकळं!"

टाळ्या वाजल्या, पण मांडवातल्या. काठावर वस्तीतली आणि खाणीतली माणसं उभी होती, त्यांच्यातून एकही टाळी आली नाही. ती सगळी खडीवाल्याच्या बुटांकडे बघत होती.

तात्यांना ते वाक्य ऐकून आधी थंडी वाजल्यासारखं झालं. शब्द न् शब्द तोच. एवढ्या वर्षांत माणूस मंत्री झाला, पण याला दुसरं वाक्य सुचलं नाही. मग राग आला, असा की घर, कागद, सही सगळं त्यात बुडालं.

"त्या दिवशीही तुम्ही हेच म्हणालात, मालक," ते म्हणाले. खडीवाल्याचा हात खांद्यावर होता, कॉलर तात्यांच्या तोंडाशी होती आणि कर्णे आपलं काम इमानाने करत होते. "सात लावले होते. मी सहा म्हणालो. दोन एकदम वाजले असतील, मोकळं आहे, उतरा, असं तुम्ही जीपमधून म्हणालात. मी उतरलो नाही. दादा उतरला."

पहिल्या रांगेत वहिनी उभ्या राहिल्या.

"तात्या, तुम्ही थकलाय," खडीवाला म्हणाला. अजून हसत होता, पण हात खांद्यावरून निघाला होता.

"थकलोय. पण खाणीचा नियम तुम्हाला माहितीये. मोकळं म्हणणारा आधी उतरतो. म्हणालात तुम्ही आता, सगळ्या देशाने ऐकलं. उतरा."

खाणीत धूर विरत होता. खाली जायला नवी कोरी पायवाट केली होती, दोन्ही बाजूंना कुंड्या, टोकाला सजवलेला घण. खडीवाल्याने त्या वाटेकडे पाहिलं. एक पाऊल पुढे टाकलं. मग त्याची नजर ओल्या दगडांवर गेली आणि ते पाऊल तिथेच राहिलं. दुकानदाराचा मुलगा होता तो, आयुष्यभर दुसऱ्याच्या जिवावर सौदा केलेला. स्वतःचा जीव पणाला लावायचा म्हटल्यावर त्याची पाचावर धारण बसली.

"कोणीतरी पुढे होऊन बघून या रे," तो मागे वळून म्हणाला.

कर्ण्यांनी तेही सांगितलं. पीएने आपल्या पांढऱ्या बुटांकडे पाहिलं. पोलिसांनी एकमेकांकडे पाहिलं. काठावरच्या माणसांतून कोणी हललं नाही. शेवटी पीएने धावत जाऊन साहेबांच्या कॉलरचा माइक उपटला. त्यानंतर काय बोलणं झालं ते कोणाला कळलं नाही. साहेब घामाने डबडबलेले दिसले, मग साहेबांची पाठ दिसली, मग गाड्यांची धूळ. पाणी मारूनही बरीच उडाली.

परवानेवाल्याने अर्धा तास घड्याळ धरून काढला. मग एकटा उतरला. बराच वेळ एका जागी ओणवा होता. वर आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडलेला होता. त्याने तात्यांच्या हातावर वातीचा तुकडा ठेवला, एका बाजूने जळलेला आणि मध्येच भिजून विझलेला. "सातवं भोक," एवढंच म्हणाला आणि आपल्या माणसांना खाली जाऊ नका म्हणून सांगायला गेला.

मांडव रिकामा झाला होता. कुलर तसेच फिरत होते. पीए परत आला तो कागद घेऊन, आणि तात्यांना दिसेल असा त्याने तो मधोमध फाडला. "यंत्र उद्या सकाळी येईल," तो म्हणाला. "सामान आज काढून घ्या."

पुतणी खुर्चीवर डोकं धरून बसली होती. तात्या दगडावरून उतरले नव्हते. उतरून जायचं कुठे, हेच सुचत नव्हतं. घर गेलं होतं. ज्या घरासाठी खोटी सही केली, एका बाईच्या डोळ्यांत एकतीस वर्षं खुनी होऊन राहिले, तेच घर एका खऱ्या आकड्यापायी घालवून ते बसले होते.

वहिनी चालत आल्या. दगडापाशी थांबल्या. जवळपास माठ नव्हता, चूल नव्हती, शेळीही नव्हती.

"सहा म्हणाला होतात तुम्ही?"

तात्यांना आधी वाटलं, त्या दुसऱ्याच कोणाशी बोलतायत. त्यांनी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

"हो," ते म्हणाले.

"मग सही का केलीत?"

"घर गेलं असतं. पोरगी तापात होती. तुम्ही कुठे गेला असता?"

"कुठेही गेले असते." वहिनींचा आवाज कापत होता आणि तो रडण्याने नाही, रागाने. "मला विचारलंत का कधी? मला चार भिंती हव्यात, का माझ्या माणसाचं काय झालं ते हवंय? रोज तुमच्या ताटात वाढताना माझे हात जळत होते. एकतीस वर्षं. त्याने घेतला तो एकाचा जीव. माझी एवढी वर्षं तुम्ही घेतलीत, भाऊजी."

तात्यांनी मान खाली घातली. दगडावर जिथे ते उभे होते तिथे पायांचे दोन ओले ठसे उमटले होते. फोड फुटले होते.

वहिनींनी ते पाहिलं. मग वाकून बाजूला पडलेल्या त्यांच्या चपला उचलल्या आणि दगडावर त्यांच्या पायांपुढे ठेवल्या, सरळ करून.

"घाला," त्या म्हणाल्या. "दगड तापलाय. आणि चला, सामान काढायचंय. माठ तुम्ही घ्या, मला उचलत नाही आता."

तात्यांनी चपला घातल्या.